नुसता क्रॉस बदलून भागेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाळपईच्या बाजूला राहणाऱ्या एका गृहस्थांकडे १९९३ सालची महिंद्रा जीप आहे. कुळागरात जायला, सुपारी-नारळ आणायला आणि पावसाळ्यात ओढा ओलांडायला ती वापरतात. फोर व्हील टाकून स्टेअरिंग पूर्ण वळवलं की डाव्या पुढच्या चाकातून कट-कट-कट आवाज येतो, सरळ चालवली की बंद होतो. एका मेकॅनिकने सांगितलं, पुढचा अख्खा एक्सलच बदला, बेळगावला जुना मिळेल. दुसरा म्हणाला, क्रॉस (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या, जॉइंटमधला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) गेलाय, अर्ध्या दिवसाचं काम. तिसऱ्याचा सल्ला, शाफ्टच काढून टाका आणि टू व्हीलवर चालवा, तुम्हाला कुठे डोंगर चढायचाय. तर तिघांपैकी कोणाचं ऐकायचं?

दुसऱ्याचं ऐका, पण अर्धंच. क्रॉस बहुतेक गेलेलाच आहे. मात्र तो का गेला हे न बघता नवीन घातला, तर पुढच्या दिवाळीला तुम्ही हाच प्रश्न परत विचाराल. मी हे ठामपणे सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. ती गोष्ट पुढे येईलच.

मी धारबांदोड्याकडे गॅरेज चालवतो. आमच्याकडे येणाऱ्या जीपांपैकी बऱ्याच कुळ्याहून दूधसागरला पर्यटक नेणाऱ्या, काही खाणींच्या दिवसांतल्या, २०१२ ला खाणी बंद पडल्यावर विकल्या गेलेल्या, आणि उरलेल्या तुमच्यासारख्या कुळागरवाल्यांच्या. या तिन्ही प्रकारच्या जीपांचा पुढचा एक्सल एकाच रोगाने मरतो, फक्त वेग वेगळा.

आधी कशावर काय अवलंबून आहे ते सांगतो, म्हणजे माझं उत्तर तुमच्या गाडीला लागू पडतं की नाही ते कळेल. पुढच्या चाकामागे आत वाकून पाहा. तिथे नारळाएवढा गुळगुळीत लोखंडी गोळा दिसतो आणि चाक वळलं की त्याच्यावरून बाहेरची वाटी सरकते, असं असेल तर तुमचा जॉइंट त्या गोळ्याच्या पोटात बंद आहे. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून तुमचा असाच आहे. गोळा नसून शाफ्ट आणि क्रॉस उघडेच दिसत असतील तर काम सोपं, पण पुढचं निम्मं उत्तर तुमच्यासाठी नाही. दुसरं, चाकाच्या मध्यभागी फ्री आणि लॉक असं फिरवायचं हब आहे (फ्री केलं की चाक शाफ्टपासून सुटतं), की नुसती बोल्टांनी बसवलेली फ्लँज? फ्लँज असेल तर तुमची पुढची शाफ्ट टू व्हीलवरही रात्रंदिवस फिरत असते आणि झीज तितकी जास्त धरावी लागते. तिसरं म्हणजे, ओढ्यात पाणी किती असतं? टायरच्या निम्म्यापर्यंत आणि हबच्या वर, या दोन वेगळ्या गाड्या समजा.

आता आवाजाकडे येतो. गाडी उघडण्याआधी आवाज खरंच जॉइंटचा आहे ना, ते पक्कं करा. डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून गाडी वळवली तर ठणठणीत जीपसुद्धा अडखळते, धडधडते आणि स्टेअरिंग जड होतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा मारतात. या जुन्या जीपांत पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये तो फरक झेलणारं काहीच नसतं. डांबरावर टायर घसरू शकत नाहीत, मग सगळा पीळ शाफ्टांत साठतो आणि धाडकन सुटतो. एका डॉक्टरसाहेबांनी पणजीहून खास गाडी पाठवली होती, 'पुढचा एक्सल तुटत आलाय' म्हणून. त्यांच्या नव्या ड्रायव्हरने फोर व्हीलचा दांडा टाकूनच ती बांदोडकर मार्गावरून फिरवली होती. एक्सलला काहीही झालेलं नव्हतं. तेव्हा परीक्षा घ्यायची ती कापणी झालेल्या शेतात नाहीतर सैल मातीच्या मैदानात, जिथे टायर थोडे घसरू शकतात.

तिथे फोर व्हील टाकून, लो गिअरमध्ये, स्टेअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा. दुसऱ्या माणसाला बाहेर पायी चालवा, आवाज त्याला नीट कळतो. चाकाच्या एका फेऱ्याला एक-दोनदा कट् होत असेल तर एक्सलच्या क्रॉसवर संशय घ्या. चाकाच्या चार-पाच पट वेगाने होत असेल तर तो पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाकडचा जोर एक्सलकडे नेणारी शाफ्ट) क्रॉस असण्याची शक्यता जास्त, कारण ती शाफ्ट डिफरन्शियलच्या (एक्सलच्या मधल्या गिअरपेटीच्या) गिअरमुळे तितकी जोरात फिरते. तो क्रॉस गाडीखाली उघड्यावर असतो आणि बदलायला तासभर पुरतो. मग हब फ्री करून टू व्हीलवर तेच वळण घ्या. आता पुढची शाफ्ट फिरतच नाही. तरीही आवाज आला तर तो चाकाच्या बेअरिंगचा किंवा ब्रेकचा आहे, आणि तुम्ही चुकीच्या जागी पैसे घालायला निघाला होतात.

क्रॉसचा जॉइंट पूर्ण वळणावर नवीन असतानाही थोडा धक धक करतो. एकच क्रॉस कोनात फिरवला की एकीकडे सारखा वेग दिला तरी दुसरीकडे सारखा मिळत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा तो कमी होतो आणि दोनदा वाढतो. चाक ३० अंश वळलेलं असेल तर शाफ्टच्या बाहेरच्या टोकाचा वेग आतल्याच्या सुमारे ०.८७ पट ते १.१५ पट असा हेलकावतो. स्टेअरिंगला हात लावून बसलेल्याला हा हेलकावा जाणवणारच. तो मऊ असतो, झोपाळ्यासारखा. झिजलेल्या क्रॉसचा मात्र टणक असतो, धातूवर धातू आपटल्याचा. एकदा दोन्ही ऐकले की परत गफलत होत नाही.

गाडी घरी आणली की पुढचं डावं चाक उचला. वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवा. खटखट लागली तर मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर ड्रम आणि नकल (गोळ्यावरून सरकणारी ती बाहेरची वाटी) एकजीव होतात. हलणं थांबलं तर सैलपणा चाकाच्या बेअरिंगमध्ये होता. न थांबता तसंच राहिलं तर किंगपिन (नकल ज्यांच्यावर वळते त्या वरच्या-खालच्या खिळी) सैल आहे. हे उत्तर लिहून ठेवा, त्याचा पुढे उपयोग आहे. चाळीसच्या आसपास खड्डा लागला की स्टेअरिंग थरथरायला लागतं, ही तक्रारही सोबत असेल तर किंगपिनवरचा संशय आणखी वाढवा.

मग गोळा पाहा. त्याच्यावर ग्रीसचा पातळ, किंचित काळपट थर असणं ठीक आहे, उलट तो असायलाच हवा. पण खाली ओघळ येऊन टायरच्या आतल्या बाजूला शिंतोडे उडाले असतील तर डिफरन्शियलचं ऑइल आतल्या सीलमधून गोळ्यात उतरतंय आणि ग्रीस पातळ करतंय. नकलवर ग्रीस भरायचा एक प्लग असतो. तो उघडा, वाकवलेली तार आत घाला आणि थोडं ग्रीस बाहेर काढून पांढऱ्या कागदावर ठेवा. काळं किंवा तपकिरी, चिकट असेल तर पाणी गेलेलं नाही. दूध जास्त पडलेल्या कॉफीसारखं दिसलं तर पाणी गेलंय. आणि कागदावर बोटाने पसरल्यावर तांबडी रेष उठत असेल, बोटांना कचकच लागत असेल, तर आत गंज, माती किंवा दोन्ही आहे. आमच्याकडची खनिजाची लाल धूळ म्हणजे मुळात लोखंडाचा ऑक्साइड. सोनार दागिन्याला झळाळी द्यायला जी तांबडी पूड वापरतात, तीही लोखंडाच्या ऑक्साइडचीच. ग्रीसमध्ये ती मिसळली की बेअरिंगलाही तशीच पॉलिश करत बसते, फक्त थांबत नाही.

म्हणजे इथवर एक बोल्टही न उघडता तीन गोष्टी हातात आल्या: आवाज शाफ्टचा आहे की नाही, किंगपिन सैल आहे की नाही, आणि गोळ्यात पाणी शिरलंय की नाही. तीनही उत्तरं 'हो' असतील, आणि तुमच्या वर्णनावरून मला तसंच वाटतं, तर क्रॉस हा शेवटचा बळी आहे. रोग आधीच सुरू झाला होता.

आता माझी चूक. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात, दूधसागरचा हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, एक जीप आली. अगदी तुमचाच आवाज. मालकाला घाई, मला घाई. डावीकडचा क्रॉस बदलला, ग्रीस भरलं, गाडी दिली. पुढच्या पावसाळ्यानंतर तोच माणूस गॅरेजच्या दारात उभा, 'मेस्त्री, आवाज परत येता.' उघडलं तर माझाच घातलेला क्रॉस, त्याच्या एका कपमध्ये (क्रॉसच्या हातावर बसणाऱ्या टोपीत) बेअरिंगच्या बारीक सुया नव्हत्याच, नुसती गंजाची पूड होती. मला आधी माल डुप्लिकेट वाटला. मग नकल हाताने हलवून बघितलं आणि स्वतःचीच लाज वाटली. किंगपिन इतके सैल होते की गोळ्याभोवतीचं सील एका बाजूने उचललं जात होतं. पाण्याला दार उघडं ठेवून मी घरात नवीन फर्निचर लावलं होतं.

पाणी शिरतं कसं, ते समजून घ्या. तासभर डोंगरात चाललेला एक्सल गरम असतो, आतली हवा फुगलेली असते. तसाच तो ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की हवा आक्रसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढते. हवा येण्या-जाण्यासाठी एक्सलच्या नळीवर छोटी ब्रीदर टोपी असते. ती चिखलाने बुजलेली असेल तर एक्सल सीलमधून ओढतो, आणि सीलच्या बाहेर तेव्हा पाणी असतं. शिवाय हे सील ऑइल बाहेर जाऊ नये म्हणून बसवलेलं, त्याची ओठासारखी कड आतल्या बाजूला. बाहेरून आत येणाऱ्याला ते फारसं अडवत नाही. एकदा गोळ्यात पाणी गेलं की ते तळाशी बसून राहतं. पर्यटनाच्या जीपा पावसाळाभर उभ्या असतात, आणि खरा घात त्या चार महिन्यांत होतो. चालती गाडी निदान ग्रीस ढवळत राहते. उभ्या गाडीत सुया एकाच जागी पाण्यात भिजत गंजतात. लोक म्हणतात, 'गाडी चाललीच नाही, मग झिजली कशी?' अहो, म्हणूनच.

काम उघडायचं असेल तर एक ताकीद. जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्याकडे अंगणात चिरे पडलेले असतात आणि हात तिकडेच जातो. चिरा वरून येणारं सारखं वजन झेलतो, म्हणून घरं उभी राहतात. एक्सलच्या नळीसारखं बारीक टोक त्याच्यावर टेकलं की तो मधोमध फुटतो, आणि आधी सांगत नाही. लोखंडी स्टँड घ्या, नसतील तर साग किंवा फणसाचे जाड ओंडके आडवे-उभे रचा.

खोलायचा क्रम सरळ आहे: चाक, हब किंवा फ्लँज, आतलं लॉक, बेअरिंगचे नट, ड्रम, बॅकप्लेट, स्पिंडल (चाक ज्याच्यावर फिरतं ती पोकळ नळी), आणि मग शाफ्ट जॉइंटसकट बाहेर. बॅकप्लेट ब्रेकच्या होजवर लटकत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. होज आतून चिरली तर बाहेरून कळत नाही. शाफ्ट ओढताना सरळ ओढा, खालून हाताचा आधार द्या. तिचे दाते आतल्या सीलवर घासले तर ते सील तिथेच कापलं जातं आणि एक काम वाढतं. डावी आणि उजवी शाफ्ट वेगवेगळ्या लांबीच्या असतात, दोन्ही बाजू एकदम उघडल्या असतील तर खडूने खुणा करा.

शाफ्ट टेबलावर आली की आधी क्रॉस नाही, कान बघा. कान म्हणजे शाफ्टच्या टोकाची ती दोन भोकं, ज्यांत क्रॉसचे कप बसतात. कप हाताच्या अंगठ्याने आत सरकत असेल तर भोक मोठं झालंय आणि शाफ्ट बाद. इथे आपल्याकडचा जुना जुगाड म्हणजे भोकाच्या कडेला पंचाने ठिपके मारून कप घट्ट करायचा, नाहीतर वेल्डिंगचा एक ठिपका लावायचा. दोन्ही करू नका. ठिपक्यांवर टेकलेला कप महिन्याभरात परत सैल होतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने कपचा पोलाद मऊ होतो, वर आतलं ग्रीस जळतं ते वेगळंच. कानाला चीर आहे का, तेही डिझेलने पुसून उन्हात धरून बघा.

मग कप धरून ठेवणारे लॉक काढून क्रॉस व्हाइसमध्ये दाबून बाहेर काढा. त्याचे चार हात पुसून त्यांच्यावरून नख फिरवा. सुयांच्या बारीक उभ्या रेषा उमटलेल्या असतात. नख अडकत नसेल तर नुसता डाग आहे. अडकलं तर तो हात संपला. सरळ चालताना या जॉइंटच्या सुया जवळपास जागच्या जागी थरथरतात, गोल फिरत नाहीत, म्हणून त्या अशा ठसे सोडतात.

नवीन क्रॉस घेताना दुकानात दोन गोष्टी पाहा. ग्रीस निपलसाठी आतून पोकळ केलेला क्रॉस मिळतो आणि भरीव, बंद असाही मिळतो. प्रोपेलर शाफ्टला निपलचा घ्या, खालून ग्रीसगन लावता येते. गोळ्यातल्या जॉइंटला मी भरीवच घालतो. निपलपर्यंत गन पोचणारच नाही, मग भोकं पाडून क्रॉस अशक्त कशाला करायचा? दुसरं, जुना कप खिशात घालून न्या आणि नवीन कपशेजारी ठेवून व्यास आणि लॉकची खाच जुळते का ते व्हर्नियरने मोजून घ्या. 'जीपचाच आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. जीपला वेगवेगळ्या मापांचे क्रॉस लागलेले मी पाहिलेत.

बसवताना एकच ठिकाण आहे जिथे हुशार माणूसही फसतो. कप दाबत असताना त्यातली एखादी सुई आडवी पडून तळाशी जाते. बाहेरून काही कळत नाही, फक्त कप शेवटचा थोडासा आत जात नाही आणि लॉक खाचेत बसत नाही. मग माणूस घण उचलतो. उचलू नका. कप बाहेर काढा, सुया मोजा, त्या जाड ग्रीसने कपच्या भिंतीला चिकटवा, आणि क्रॉसचा हात आधी दोन्हीकडच्या कपांत थोडा थोडा शिरवून मगच व्हाइस आवळा, म्हणजे सुईला पडायला जागाच राहत नाही. चारही लॉक बसल्यावर जॉइंट ताठ वाटतो. कानांच्या बाहेरच्या अंगाला पितळी हातोडीने एक-एक टोला द्या, कप लॉकला जाऊन टेकतात आणि जॉइंट मोकळा होतो. शाफ्टचं लहान टोक हातात धरून सोडलं तर ते आपल्या वजनाने सावकाश खाली झुकायला हवं. धपकन पडणं नको आणि अडून राहणंही नको.

आता जिथे मेकॅनिक घाई करतात ती जागा. स्पिंडलच्या आत एक पितळी बुश असतो, त्यात शाफ्टचं बाहेरचं टोक फिरतं. तो झिजला की शाफ्ट आत लटकते आणि जॉइंटचा मध्य जागेवर राहत नाही. नवीन क्रॉस घालूनही 'आवाज कमी झाला पण गेला नाही' असं म्हणणाऱ्यांच्या गाडीत मला बहुतेक वेळा हाच बुश सापडला आहे. शाफ्ट त्यात घालून वर-खाली हलवा, डोळ्यांना हालचाल दिसली तर लेथवाल्याकडून नवीन करून घ्या. फार पैसे लागत नाहीत, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

किंगपिनची टोपी वर एक आणि खाली एक, प्रत्येकीखाली पत्र्याचे पातळ शिम. वरचे आणि खालचे वेगवेगळ्या कागदांत बांधून ठेवा. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर रोलरांचे खड्डे पडलेले असतील तर नकल हाताने फिरवताना मधोमध ती खाचेत बसल्यासारखी अडते. असं बेअरिंग शिम काढून घट्ट केलं तरी उपयोग नाही, बदलावं लागतं. नवीन बसवल्यावर घट्टपणा शिमने जमवायचा. शिम काढाल ते वरून-खालून सारखेच काढा. सगळे एकाच बाजूने काढले तर नकल गोळ्याच्या मध्यापासून वर किंवा खाली सरकते आणि शाफ्ट तिरकी पडते. मी टाय रॉड सोडवून, मोठं सील लावायच्या आधी, स्टेअरिंग आर्मच्या भोकात स्प्रिंगचा काटा अडकवून ओढतो, तोच काटा जो कुळागरात सुपारीचं पोतं तोलायला असतो त्याचा लहान भाऊ. दोन किलोच्या वरखाली नकल सावकाश हलायला लागली की माझं समाधान होतं. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच धरा. काटा नसेल तर किमान एवढं: खडखड शून्य, आणि एका हाताने ढकलल्यावर किंचित अंग चोरत फिरायला हवी.

मोठं सील बदलायच्या आधी गोळा घासून बघा. सीलची कड जिथून सरकते तिथे गंजाचे खड्डे असतील तर नवीन सीलही तिथून गळणार. उथळ खड्डे बारीक पॉलिशपेपरने निघतात. खोल असतील तर मी धातूची एपॉक्सी भरून, वाळल्यावर घासून गोळा सपाट करतो. जीव नाही त्याला फार, पण सील त्याच्यावरून मऊ सरकतं. सीलसोबतची नमद्याची पट्टी कोरडी लावू नका, रात्रभर ऑइलमध्ये भिजत ठेवा. आतलं एक्सल सील या वेळी बदलूनच टाका, त्यासाठी परत एवढं उघडायचं नाही. ग्रीस मी ईपी-२ प्रकारचं वापरतो आणि गोळा ठासून भरत नाही, साधारण दोन तृतीयांश भरतो. चाकाचे बेअरिंग आवळताना चाक अडेपर्यंत नट घट्ट करा, मग फेऱ्याचा सहावा हिस्सा मागे घ्या आणि लॉक वायसरचा कान दुमडा.

राहिले बाकीचे दोन सल्ले. अख्खा जुना एक्सल आणायचा तर तोही कुणाच्या तरी ओढ्यातूनच आलेला असतो. नळी वाकलेली असेल, गोळा तुटलेला असेल किंवा डिफरन्शियलचे दात गेले असतील तरच मी तो सुचवीन. शाफ्ट काढून टू व्हीलवर चालवणं काही दिवस चालतं, चाक स्पिंडलवर उभं असतं, पडत नाही. पण डिफरन्शियलचं ऑइल गोळ्यात वाहतं, नळीचं तोंड बंद करावं लागतं, आणि एका बाजूची शाफ्ट नसताना कोणी चुकून फोर व्हील टाकली तर पुढच्या एक्सलचा सगळा जोर त्या रिकाम्या बाजूलाच निघून जातो, ओढायला काही उरत नाही. याहून वाईट म्हणजे हब फ्री करून, तुटलेला क्रॉस आत तसाच ठेवून चालवणं. तुटलेला कान गोळ्यात आडवा पडला तर स्टेअरिंग वळणावर अडकतं. घाटात अडकायला नको. तुमचा आवाज कटकटीवरून धाडधाडीवर गेला असेल तर फोन करून गॅरेजवाल्यालाच घरी बोलवा, गाडी तिथपर्यंत चालवत नेऊ नका.

हेच वाचणाऱ्या मारुती जिप्सीवाल्यांसाठी: तुमच्याकडेही गोळा आहे, पण आत क्रॉस नसून पिंजऱ्यात बसवलेल्या सहा पोलादी गोळ्यांचा जॉइंट आहे. कट-कट सुरू झाली की तो दुरुस्त होत नाही, बदलायचाच. सील आणि किंगपिनचं मात्र वर लिहिलेलं सगळं तुम्हालाही लागू. आणि समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालून हा जॉइंट खराब करून घेणाऱ्यांनी माझ्याकडे तक्रार करू नये. एक तर ते गोव्यात बेकायदा आहे, आणि खाऱ्या पाण्यावर माझ्याकडे औषध नाही.

वेळेचं म्हणाल तर नुसता क्रॉस अर्ध्या दिवसात होतो. मी सांगतो तसं एका बाजूचं काम दोन दिवसांचं, लेथवाला वेळेवर भेटला तर. पैशांत क्रॉस सर्वांत स्वस्त, बेअरिंग आणि सील त्याच्यावर, मजुरी सगळ्यांच्या वर. उजवी बाजू लगेच उघडू नका. ग्रीसची तार घालून बघा, तिथे कॉफी निघाली तरच.

काम झाल्यावर ब्रीदरची टोपी काढून तिथे रबरी नळी जोडा आणि तिचं दुसरं टोक बॉनेटखाली, उंच, खाली तोंड करून बांधा. ओढ्याच्या काठावर दहा मिनिटं थांबून मगच उतरा, तेवढ्यात एक्सल बराच निवतो, तुमची विडी किंवा चहाही होतो. पाचशे किलोमीटरनंतर किंगपिनच्या टोप्यांचे बोल्ट परत आवळा, नवीन शिम तेवढ्यात दबतात. आणि पहिल्या पावसानंतर, गणेश चवथीच्या आधी कधीतरी, प्लग उघडून ती तार परत आत घाला. कागदावर काय आलं, ते मला कळवा.